बांधावरचं गूल

जहागीरदाराच्या कारभाऱ्याचा घोडा नेमका बांधावरच थांबला.

"हे कोणाचं?" चाबकाच्या दांड्याने त्याने खाली दाखवलं.

बांधावरच्या गवतात गूल उभं होतं. शेवंतीसारखं पिवळंधमक, एकच फूल. पण तेवढं एकही पुरे होतं! ओटांत, म्हणजे ओट्सच्या शेतात, हे तण माजलं की पीक गिळून टाकतं, म्हणून जहागिरीचा कायदाच होता. घोडेस्वार पाहणीला येतील त्या दिवशी ज्याच्या जमिनीत गूल उभं सापडेल, त्याने फुलामागे एक मेंढा द्यायचा. रडून, पाया पडून काही उपयोग नसे.

इसोबेलकडे मेंढा एकच होता. त्या विधवेची हिवाळ्याची सगळी बेगमी तोच. पलीकडच्या शेतवाल्या डूगलकडेही एकच होता. आणि मधला हातभर बांध कोणाचा, यावरून दोघांनी तपभर गाव डोक्यावर घेतलं होतं. चर्चच्या दारात भांडले, ओढ्यावर भांडले, एकदा तर मयतीत भांडले. "बांध माझा आहे!" ही आरोळी इतकी जुनी झाली होती, की गावातली पोरं खेळातसुद्धा तीच ठोकत.

"बांध त्याचा आहे," इसोबेल झटकन म्हणाली.

पाहणी बघायला जमलेलं गाव खो खो हसलं.

"बघा गं बाई! मेंढा द्यायची वेळ आली, तशी बांधाची माया आटली," लोहाराची बायको म्हणाली.

डूगल मात्र हसला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. काखेतलं घोंगडीचं गाठोडं आवळून नुसता उभा राहिला.

त्या गप्प बसण्यानेच इसोबेलचं डोकं उठलं. एरवी शब्दाला चार शब्द देणारा माणूस आज मुका का? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. कारण पहाटे तिने त्याला तिच्या ओटांत पाहिलं होतं.

पाहिलं म्हणजे, तिला दिसेल तेवढंच. दोन हिवाळे झाले, डोळ्यांपुढे दुधाची साय धरल्यासारखं होई. लेक हाताशी होती तोवर भागलं. पण मेरन यंदा लग्न होऊन टे नदीपलीकडे गेली. इसोबेलने हे कोणाला कळू दिलं नव्हतं. ज्याला शेत दिसत नाही, त्याच्याकडे जहागीरदार शेत ठेवत नसे. यंदाची निंदणी तिने एकटीने केली, हातांनी चाचपून. ओटाचं पान खरखरीत, गूलचं गुळगुळीत. डोळे फसतील, हात फसणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

तर पहाटेच्या धुक्यात कोणीतरी तिच्या ओटांतून वाकून लंगडत चाललं होतं. हात भराभर हलत होता. आणि लंगडणारा माणूस गावात एकच होता.

"कारभारी, याचं गाठोडं सोडायला सांगा!" ती ओरडली. "पहाटे चोरासारखा माझ्या ओटांत शिरला होता हा. गूलचं बी टाकत होता!"

"डोकं फिरलंय का तुझं?" डूगल म्हणाला.

"मग सोड की गाठ! घाबरतोस कशाला, लंगड्या?"

डूगलने गाठोडं आणखीच आवळलं. आता कारभाऱ्यालाही संशय आला. त्याने घोड्यावरून उतरून घोंगडीला हिसका दिला.

गाठ सुटली. ढीगभर पिवळी फुलं जमिनीवर पडली. मुळांसकट उपटलेली, मुळांना ओली माती. बी कुठेच नव्हतं.

"ही कुठली?" कारभाऱ्याने विचारलं.

डूगलने क्षणभर इसोबेलकडे पाहिलं. "माझ्या शेतातली. पहाटे उपटली. उपटलेल्याला दंड नाही ना?"

"नाही."

इसोबेल गुडघ्यांवर बसली. तिने एक फूल उचललं आणि पार नाकापाशी नेलं, तेव्हा कुठे त्याचा पिवळा रंग तिला दिसला. पहाटे हा माणूस स्वतःच्या शेतात नव्हता. तिच्या शेतात होता. तिने ढिगावरून हात फिरवला. फुलं संपेनात. तिच्या हातांतून ही सगळी सुटली होती. तिच्या डोळ्यांचं त्याला माहीत होतं, कधीपासून कोण जाणे, आणि ते कारभाऱ्याला कळू नये म्हणून तो चारचौघांत खोटं बोलला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेल्या, मग बांधावरचं तेवढं का ठेवलंस?" ती पुटपुटली.

"बांधाला हात लावलास तर हात तोडीन, असं कोण म्हणालं होतं?" तोही तसाच हळू म्हणाला.

कारभारी पुन्हा घोड्यावर बसला. "आटपा लवकर! मेंढा कोणाचा नेऊ?"

इसोबेल उठली. "माझा न्या. बांध माझा आहे."

"खोटं बोलतेय ती!" डूगल गरजला. "बांध माझा आहे!"

"तुझ्या बापजन्मी नव्हता! अख्ख्या गावाला विचारा, मी तपभर हेच सांगतेय!"

कारभाऱ्याने कपाळावर हात मारला. डूगल तर लंगडत आपला मेंढा सोडायला निघालाही. इसोबेल त्याच्या पावलांच्या आवाजामागे धावली. तिने त्याचा सदरा मागून गच्च पकडला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "खबरदार! तुझ्या त्या मेंढ्याला हात लावलास तर हात तोडीन!"