जॅकमधली गोळी

गोळी सापडत नव्हती.

भीमा मिस्त्री भर दुपारी अंगणात रांगत होता. पोत्यावर त्याचा चाकांचा हायड्रॉलिक जॅक पोट उघडून पडला होता. तेल गळतं म्हणून सकाळी त्यानं तो खोलला, नवं सील बसवलं, बारीकसारीक माल रॉकेलनं धुऊन ताटलीत मांडला. त्यातच हरभऱ्याएवढी पोलादी गोळी होती. दाबलेलं तेल ती माघारी येऊ देत नाही. ती नसली तर जॅक म्हणजे निव्वळ लोखंड.

तेवढ्यात जळकोट रस्त्यावर, बरोबर त्याच्या दारासमोर, पाण्याच्या टँकरचं चाक पंक्चर होऊन बसलं. ड्रायव्हरचा जॅक कधीच चोरीला गेलेला. भीमा उठून बघायला गेला. परत येतो तर गोळी गायब.

टँकर गच्च भरलेला होता, पण वस्तीसाठी नव्हता. लातूर नवा जिल्हा झाला होता, मोठे पाहुणे यायचे होते, आणि त्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून कुण्या ठेकेदारानं रस्त्यावर मारायला ते पाणी मागवलं होतं. इकडं वस्तीची विहीर पाडव्याआधीच तळाला गेलेली. बाया रिकाम्या घागरी घेऊन टँकरभोवती उभ्या राहिल्या.

"माय, नळाला हात लावू नगा. माझी नोकरी जाईल," ड्रायव्हर विरूपाक्ष म्हणाला.

"हात कुठं लावलाय? बघायला बी परमिट लागतंय का?" शेजारची भामाबाई म्हणाली.

भीमानं जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक अंगणभर फिरवला. खिळे आले, केसांचे आकडे आले, दिवाळीत हरवलेली सुई आली. गोळी आली नाही.

उंबऱ्यावर त्याची बायको कोंडाबाई सुपात ज्वारी निवडत होती. एरवी तिचा आवाज एसटीच्या हॉर्नला भारी. आज टँकर थांबल्यापासून शब्द नाही.

"तू बघितलीस का गं?"

"हूं," एवढंच. तोंड असं, जणू रॉकेलचा घोट घेतलाय. भीमा समजला. दारात पाणी उभं, आणि नवरा ते लातूरला धाडायची खटपट करतोय. नीट तोंड कसं राहील?

"वैनी लई नाराज दिसतात," विरूपाक्ष म्हणाला.

"मौन धरलंय, आप्पा. वस्तीवर उपकार समजा."

शेवटी भीमानं सायकलच्या चाकातला छर्रा काढून गोळीच्या जागी बसवला. तेल भरलं, हवा काढली, जॅक टँकरखाली सारला आणि दांडा हाणला. टँकर दोन बोटं वर गेला आणि दमेकऱ्यासारखा सुस्कारा टाकत खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. भीमाचे हात भरून आले.

"छर्रा बारीक पडतोय, आप्पा. दाब धरत न्हाई."

"मग कसं व्हावं?"

अब्रू राखायला काहीतरी खोटं सांगायचं मनात आलं. पण दमलेल्या माणसाला खोटं जुळवायचाही कंटाळा येतो. "रिकामा असंल तर उचलंल," भीमा म्हणाला.

विरूपाक्षानं लातूरच्या वाटेकडं बघितलं, मग बायांकडं. "टँकर इथंच अडकला तर ठेकेदार मलाच रस्त्यावर शिंपडंल. सोडा नळ. वाटेत गळालं म्हनून सांगतो." आणि पाठ फिरवून तो तंबाखू मळत बसला.

मग काय विचारता! घागरी, कळश्या, पराती, लेकरांचे डबे, सगळं भरलं. कोंडाबाईनं रांजण भरला, हंडे भरले, जॅकची ताटलीसुद्धा भरली. पण ओठाला थेंब लावला नाही.

"पी की गं घोटभर!" भामाबाई ओरडली. "मिस्त्रीवरचा राग पाण्यावर कशाला?"

कोंडाबाईनं नुसती मान हलवली.

रिकामा टँकर छऱ्यावरही उचलला गेला. चाक बदललं, विरूपाक्ष गेला. भीमा अंगणात मटकन बसला.

"मिस्त्री म्हनून काय इज्जत राहिली माझी? सोताच्या अंगणात गोळी हरवली. आता नव्या गोळीसाठी उदगीरला खेटा आला. तू तरी बोल गं. शिव्या दे, पर बोल."

कोंडाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. टँकरची धूळ खाली बसली होती. तिनं नवऱ्याचा हात ओढला, तळवा उघडला, त्यावर वाकली आणि जिभेखालची पोलादी गोळी त्यात थुंकली.