मिनिटाला अठरा

अर्धा तास कशालाही हात लावायचा नाही, एवढंच काम रुक्माबाईला दिलेलं होतं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं.

सकाळी दहाला, तेलुगू मुलखातल्या त्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टर मल्लेशनी तिच्या नवऱ्याला, माणिकरावाला, श्वासाच्या यंत्रावरून सोडवलं होतं. घशातली नळी तशीच होती, नळीच्या तोंडाला आता नुसता ऑक्सिजन लावला होता. मण्यार चावून श्वास बंद पडल्याला आज पाचवा दिवस. डॉक्टरांचा कसला तरी अभ्यास चालू होता. यंत्रावरच्या माणसाला रोज एकदा अर्धा तास त्याच्या स्वतःच्या दमावर सोडायचं, श्वास मोजून वहीत लिहायचे, आणि अशानं माणसं यंत्रावरून लवकर सुटतात का ते बघायचं. तेलुगूत छापलेल्या कागदावर रुक्माबाईनं अंगठा दिला होता. जैनथ गावच्या, मराठी बोलणाऱ्या चंद्रभागा सिस्टरनं तो कागद मराठीत समजावून सांगितला, तेव्हा तिनं मान डोलावली होती. मान डोलावताना कुणाचा जीव जात नसतो.

पहिले दोन दिवस वॉर्डातलं एकुलतं एक यंत्र रिकामं नव्हतं. तेव्हा रबरी फुगा नळीला लावून तिनंच नवऱ्याच्या छातीत हवा भरली होती, दिराशी पाळ्या लावून. "घड्याळ पाहू नका मावशी," सिस्टरनं शिकवलं होतं. "तुमी श्वास घेतला की दाबा." आणि आता त्याच हातांना सांगतात, गप बसा.

"सव्वीस," सिस्टरनं मोजलं आणि लिहिलं. पाच मिनिटांनी एकतीस.

"सिस्टर, यायले दम लागून राह्यला."

"लागू द्या. पस्तिसाच्या वर गेला तर आपण परत यंत्र लावू. तवर हात नाई लावायचा."

शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाची तुळजा होती, आठवी-नववीतली पोर. तिचा बाप नागोराव कालपासून तिच्यासाठी फुगा दाबत होता. माणिकराव सुटला की यंत्र तुळजाला मिळणार होतं, म्हणून तोही डोळ्यात तेल घालून माणिकरावाच्याच छातीकडे पाहत होता.

इतक्यात तुळजाची नळी सरकली. नागोराव ओरडला. डॉक्टर आणि सिस्टर दोघंही तिकडे धावले, मधला पडदा ओढला गेला.

माणिकरावाच्या कपाळावर घाम आला होता. नाकपुड्या फुलत होत्या. फुगा खाटेच्या दांडीलाच लटकलेला. रुक्माबाईनं ऑक्सिजनची नळी काढली, फुगा लावला आणि दाबायला लागली. किती बरं वाटलं तिला! पाच दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. दहा मिनिटं तिनं सोडलं नाही. पडद्याआड पावलं वाजली तसं तिनं सगळं होतं तसं लावून टाकलं.

सिस्टर आली. माणिकरावाची छाती संथ वर-खाली होत होती. तिनं घड्याळ धरून मोजलं.

"अठरा! सर, अठरा आले!"

डॉक्टर हसले. पाच दिवसांत पहिल्यांदाच. "अच्छा है. ट्यूब निकालते."

पडदा सारून नागोराव पुढं आला होता. एका हातानं पोरीचा फुगा दाबत त्यानं दुसरा हात यंत्राच्या गाडीवर ठेवला. रुक्माबाईनं त्याचा तो हात पाहिला. नुसतं गप्प राहायचं होतं, सगळ्यांचं भलं होणार होतं. पण नळी निघाली की फुगा लावायला जागाच उरणार नव्हती.

"ते अठरा यांचे नाईत," ती म्हणाली. "माझे हायेत. मीच फुगा दाबला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अम्मा, ट्यूब निकाल दिया होता तो शाम तक आदमी हाथ से जाता! मालूम है?"

त्यांनी अठरावर काट मारली आणि माणिकरावाला पुन्हा यंत्र लावलं. आता उद्याच.

"उद्या?" नागोराव म्हणाला. त्याचे पंजे सुजले होते. "आनखी एक दिवस?"

रुक्माबाई पडद्याच्या पलीकडे गेली, त्याच्या हाताखाली आपला हात घातला आणि फुगा घेतला. "तुमी भाकर खाऊन या."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डॉक्टरांनी माणिकरावाला पुन्हा सोडलं, तेव्हा तुळजाचा फुगा दाबायची पाळी रुक्माबाईचीच होती. सिस्टरनं मुद्दामच तिला तशी बसवली होती, नवऱ्याकडे पाठ करून. मागून आकडे ऐकू येत होते. पंचवीस. एकोणतीस. बत्तीस. बत्तीसला तिची मान वळायला लागली, पण समोर तुळजाची छाती खाली बसत चालली होती, तिनं दाबलं. तिच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पुसायला तिसरा हात नव्हता. एकतीस. सत्तावीस. मग डॉक्टरांचं 'ट्यूब निकालते', नुसती कात्रीची आणि चिकटपट्टीची खुडबुड, आणि मग खोकला. जोरदार, घाणेरडा, जिवंत माणसाचा खोकला.

"रुक्मे," घसा खरवडून आवाज आला. "इकडं पाह्य ना."

तिचे डोळे भरून आले. समोरची पोर धूसर दिसायला लागली. पण हात चालू राहिले.

"थांबा जरा," ती मान न वळवता म्हणाली. "मी वळली त हिचा श्वास चुकन."