सात नंबरचं झाड

गाडग्यात मुंग्या होत्या. शिंदीचा थेंब नव्हता.

व्यंकटी कमरेच्या दोरावर भार टाकून तसाच झाडाला टेकून राहिला. काल संध्याकाळी त्यानेच शेंड्याजवळ खाच दिली होती, खालून आबा सांगतील तशी, त्यांची बोलणी खात. आता खाच पांढरीफटक पडली होती. खाली ओढ्यातला गाळ तडकून वर आला होता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"काय करायलास वर? हाय का न्हाई?" खालून त्याच्या वडिलांनी, नरसिंगआबांनी विचारलं.

त्यांच्या शेजारी दारूबंदी खात्याचे जमादार अनंतराव वही उघडून उभे होते. लातूरचा जिल्हा नवा झाला, तशी परवान्यांची कागदं तिकडं गेली, आणि नव्या जिल्ह्याला नवं सगळंच मोजून पाहायचं होतं. जे झाड पाझरत नाही, ते कागदावरून कमी. आबांच्या परवान्यावर बावीस झाडं होती. दोन वर्षांच्या दुष्काळात एकवीस वाळली. उरलं ते हे एक, खोडावर तांबड्या रंगात सातचा आकडा घातलेलं. हे गेलं की परवाना गेला. आबांचे गुडघे आता झाडावर चढू देत नव्हते, ती गोष्ट वेगळी. पण शिंदीवाला नरसिंग, याखेरीज त्यांना या जगात दुसरी ओळख नव्हती.

व्यंकटीने फुंकर मारून मुंग्या उडवल्या. सगळ्या उडाल्या नाहीत. मग झावळ्यांच्या आडोशाने त्याने बंडीतली बाटली काढली, दाताने बूच उपटलं आणि ती गाडग्यात रिकामी केली.

बाटली कोलंबोच्या बंदरावरची होती. व्यंकटी प्रवासी बोटीवर वाढप्याचं काम करायचा; आता सुट्टीवर घरी आला होता. बोट बंदराला लागली की गोरे प्रवासी त्यालाच गाठत. इथली माणसं काय पितात? तेच आण. तो उन्हातान्हात गल्लीबोळ धुंडाळून आणायचा. कुठं उसाची, कुठं काजूची, कुठं भाताची. ती माणसं एक घोट घेत, तोंड वाकडं करत, खिदळत, आणि पेले तसेच ठेवून पुढच्या बंदराचं नाव विचारत. अकरा वर्षं हेच. त्याला या सगळ्याचा वीट आला होता. कोलंबोत मात्र त्याने पहिल्यांदाच स्वतःसाठी एक बाटली मागून घेतली. नारळाच्या झाडाची बाटलीबंद माडी, महिनोन्महिने टिकणारी. आबांनी नुसती चाखावी, एवढंच तेव्हा मनात होतं.

तो गाडगं घेऊन खाली उतरला.

"वा, नरसिंगमामा!" अनंतरावांनी आत डोकावून पाहिलं. त्यांचा चेहराच उजळला. सकाळपासून तीन गावं खोडून आलेला माणूस तो. "जिवंत आहे की तुमचं झाड."

"थांबा साहेब. चाखल्याबिगर लिहू नका."

पहिला घोट शिंदीवाल्याचा, ही आबांची जुनी रीत. त्यांनी तळहातावर थोडी ओतून घेतली, तोंडात घोळवली आणि डोळे मिटले. व्यंकटी जमिनीकडं बघत राहिला. लहानपणी आबा नुसत्या घोटावरून झाडाचा नंबर सांगायचे, हे त्याला आता आठवलं. आठवायला फार उशीर झाला होता.

"ह्ये माझ्या झाडाचं न्हाई," आबा म्हणाले.

अनंतरावांनी व्यंकटीकडं पाहिलं आणि ते काय समजायचं ते समजले. आवाज खाली आणून म्हणाले, "मामा, हात दाखवून अवलक्षण कशाला करता? गाडग्यात आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी लिहितो, तुम्ही गप बसा."

"डोळ्याला काय कळतंय, साहेब? माझ्या झाडाला दोन सालं झाले, पाणी माहीत न्हाई. ह्ये ज्याचं, त्ये झाड पाण्याकाठी उभं हाय." आबांनी धोतराला हात पुसला. "खोडा सात नंबर."

अनंतरावांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी रेघ ओढली, आबांना नमस्कार केला आणि सायकल हातात धरून चालत गेले. बांधापर्यंत ते सायकलवर बसले नाहीत.

"आबा, मला वाटलं..." व्यंकटी कमरेचा दोर सोडू लागला.

"कुठलं हाय?"

"कोलंबोचं. नारळाचं."

"लई लांब. ब्येस हाय पण." आबांनी गाडगं मांडीवर घेतलं. "तुझे गोरे लोकं पेतेत का हे?"

"एक घोट घेतेत, आबा. चव बघायला."

"अन् बाकीचं?"

"मी वतून देतो. समुद्रात."

आबांनी झटकन मान वर केली. मघाच्या लबाडीवर ते चकार शब्द बोलले नव्हते. आता मात्र त्यांचा आवाज चढला.

"वतून देतो? आरं, कुणीतरी चढलं असंल की त्याच्यासाठी!"

त्यांनी गाडगं दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं आणि तळाच्या मुंग्यांसकट शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं. मग ते सात नंबरच्या बुंध्याशी नेऊन पालथं घातलं.