करंगळीचं हाड

काचेमागं काहीच नव्हतं.

बयनाबाईनं पदरानं काच पुसली, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. वेदीवर पितळेची उभी पेटी, पेटीत मधोमध काचेची डबी आणि डबीतल्या लाल मखमलीवर संतिणीच्या करंगळीचं हाड. जवारीच्या दाण्याएवढा तुकडा. रोज सकाळी चर्च झाडताना ती त्याला पाहायचीच. आज नुसती मखमल होती. डबीमागचा लाल दोरा कापलेला, दोऱ्यावरची लाखेची मोहर फुटलेली. अन् दीड तासात बिशपसाहेब येणार! सणाचा दिवस, पार नेरडीगोंड्यापासून माणसं गाड्या भरून येणार, रांगेनं त्या काचेला ओठ लावणार. कशाला लावणार? मखमलीला?

चोर म्हणावा तर एवढं पितळ सोडून चोर हाड नेतो का?  चर्चचा वॉचमन डोमाजी, म्हणजे तिचाच नवरा, सकाळचा चहा तसाच टाकून कुठं गेला होता ते तिला आता कळलं.

आठ दिवसांपासून या माणसानं फादरचं डोकं खाल्लं होतं. ही बाई कोण? इटलीतली सिस्टर. गेली केव्हा? शंभर वर्षं झाली. वय? चोवीस. मग हाड नदीत शिरवलं काऊन नाही? फादर जोजी केरळचे, हिंदी त्यांची कामापुरती. हसून म्हणाले होते, "हमारे में रखते हैं, डोमाजी."  घरी आल्यावर डोमाजी तिला म्हणाला, "शंभर वर्सं झाली पोरगी अडकून हाय. आपल्यात तिसऱ्या दिवशी नदीवर नेऊन मोकळं करतेत." तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं.

"बयनाबाई! हो गया क्या?"

फादर दारात उभे. पांढरा झगा, हातात झेंडूचे हार. तिनं हातातलं फडकं झटकन पेटीवर टाकलं.

"पितळ घासून राह्यली, फादर. हात नका लावू, चिंच लावली हाय."

खोटं बोलली, तेही वेदीसमोर. जीभ कशी झडली नाही! फादरनी सहा वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. चर्चमागची खोली त्यांनीच राहायला दिलेली. खोली जाईल ती जाईल, पण हा भला माणूस बिशपसमोर खाली मान घालून उभा राहील, हेच तिला सोसवेना. फादर हार बांधायला वळले तशी ती मागच्या दारानं सटकली आणि पैनगंगेच्या वाटेनं पळत सुटली.

पन्नाशी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघ्यांनी रडवलेली, पण पळाली. कापूस वेचणाऱ्या बाया ओरडल्या, "काय झालं वो काकू?" तिनं नुसता हात झटकला. देवा, सोडलं नसू दे. फादरच्या देवाला म्हणत होती की आपल्या, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डोमाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. उजवी मूठ मिटलेली.

"अवो! सोडलं का?"

"नाई."

तिला तिथंच रडू फुटलं. साडीसकट ती पाण्यात शिरली. "आना इकडं! अक्कल गहान ठेवली काय तुमी? तिकडं बिशप येऊन राह्यला, फादरले काय तोंड दाखवू मी?"

"घंटाभर झाला उभा हाय, बयना." डोमाजीनं मुठीकडं पाहिलं. "सोडताना नाव घ्या लागते ना. इचं नाव फादरनं धा डाव सांगतलं, मी पाठ केलं. पन इथं तोंड उघडलं का शीतलचंच येते."

बयनाबाई जागीच थांबली. शीतल त्यांची लेक. हैदराबादला नर्सिंग शिकायला गेली होती. कोरोनात तिथंच गेली, तिथंच जाळली. कोणत्या चितेत, किती जणांबरोबर, कोणी सांगितलं नाही. चिमूटभर राखही या दोघांच्या हाती आली नव्हती.

डोमाजीनं मूठ उघडली आणि हाड तिच्या तळहातावर ठेवलं. त्याला वजन म्हणून नव्हतंच. आता निघायला हवं होतं. वेळ होता अजून. दोरा बांधता आला असता, लाख वितळवून लावता आली असती. तिनं बोटं मिटली, वरून दुसरा हात धरला आणि तशीच उभी राहिली.

काठावर फटफटी थांबली. बायांनी वाट दाखवली असणार. फादर झगा वर धरून घसरत घसरत उतारावरून आले. त्यांचा चेहरा पाहूनच कळत होतं, फडकं उचललेलं आहे.

"बयनाबाई! है ना? पानी में नहीं डाला ना?"

"हाय, फादर. हाय."

फादरनी डोळे मिटून श्वास सोडला. तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली.

"जल्दी आओ! बिशप टाइम से पहले आ गए!" म्हणत ते बुटांसकट पाण्यात उतरले, हात पुढं केला.

बयनाबाईनं मूठ छातीशी ओढून घेतली.

"देतो, फादर," ती म्हणाली. "दोन मिनटं धरू द्या फक्त."