काहीही न लावता

आमच्या ह्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं, पेन ड्राइव्हवर. २००६ साली हे गेले, तेव्हा तो कोटाच्या खिशात राहिला आणि क्रेमेटोरियममध्ये त्यांच्याबरोबरच जळाला. त्या आवाजासाठी मी वर्षभर झुरले.

मुलाने, अनुपने, मला सोपं जावं म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर नुसती अक्षरं उमटणारा काळा स्क्रीन ठेवला होता. पेन ड्राइव्ह लावला की तो आपोआप जोडला जाई आणि आतल्या फाइलींची यादी उमटे.

एका दुपारी, काहीही न लावता, ह्यांच्या ड्राइव्हचं नाव उमटलं. अनुप इंग्लंडातच, रीडिंग शहरात राहायचा; मी त्याला फोन केला.

"आई, तूच काहीतरी लावलं असशील."

"अरे, पोर्ट रिकामं आहे. बोट लावून बघितलं."

"मग मशीन म्हातारं झालंय. शनिवारी येतो."

"मागच्याही शनिवारी येणार होतास."

तो ऑफिसची कारणं सांगू लागला. ऐकता ऐकता मी यादीतली एकुलती फाइल उघडली. तिच्यावर तारीख त्याच दिवसाची होती.

आधी माझाच आवाज आला: "मागच्याही शनिवारी येणार होतास."

मग अगदी जवळून ह्यांचा: "अगं, ठेव तो फोन. मी आहे ना."

रिसीव्हर माझ्या कानाशीच होता. पलीकडून अनुपने विचारलं, "बाबा?"