दोनशे चौदा नंबरचा वड

“ये पूजा तो हो चुकी है, मैडम,” त्यागी सुपरवायझर म्हणाला. “अमावस को. मैंने खुद काम रुकवाया था.”

खरंच थांबवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या याच बागेत बायका लाल साड्या नेसून वडाला आल्या, तेव्हा त्याने झाडं तोडणाऱ्यांना चहाला पाठवून दिलं होतं. त्याची स्वतःची बायकोही त्या दिवशी गाझियाबादला वड पुजत होती. सण उरकला म्हणून आज तो क्रेन घेऊन निर्धास्त आला होता. मराठी बायकांचा वड पौर्णिमेला असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“वो आपकी थी, हमारी आज है,” देवयानी म्हणाली आणि तिने पूजेचं ताट पारावर ठेवलं.

वडाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा होता, २१४. जुने दुमजली सरकारी क्वार्टर पाडून तिथे चौदा मजली टॉवर व्हायचे होते, आणि नकाशात वडाच्या जागी पार्किंगचा उतार दाखवला होता. कॉलनीतल्या काही जणांनी कोर्टात अर्ज केला होता. सुनावणी उद्या सकाळी साडेदहाला होती, म्हणून तर वड आज तोडायचा होता. एकदा झाड आडवं झालं की अर्जाला काही अर्थ उरणार नव्हता.

मराठी बायका जमून जमून चार. कॉलनी निम्मी रिकामी झालेली. पूजा झाली, सात फेरे झाले, सव्वाअकरा वाजले. त्यागीने करवतीच्या मशीनवाल्याला खूण केली.

तेव्हा बाकावरून देवयानीची सासू उठली. कुसुमावतीबाई, वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्या पूजेला नाही, नुसत्या सोबतीला आल्या होत्या. त्यांनी सुनेच्या ताटातला सुताचा गुंडा उचलला, टोक वडाला बांधलं आणि चालायला लागल्या.

देवयानी गडबडली. “आई, तुम्ही?”

“का? सावित्रीचाही नवरा मेलेलाच होता की.”

देवयानीने ताट बाजूला सरकवून त्यांना वाट करून दिली.

“माताजी, कितने फेरे?” त्यागीने विचारलं.

“एक सौ आठ.”

त्यागीने कपाळाला हात लावला. चालू पूजेत झाडाला करवत लावायची त्याची छाती नव्हती, आणि मशीनवाल्याने तर आधीच चपला काढून ठेवल्या होत्या. क्रेन पाच वाजता दुसऱ्या साइटवर जायची होती, आणि मग उद्या दुपारशिवाय मिळणार नव्हती. त्याने हिशेब केला, एका फेऱ्याला एक मिनिट, दोन तासांत सुटका. म्हातारी फसवेल म्हणून तो पारावर बसून मोठ्याने मोजायला लागला.

पण कुसुमावतीबाई दर पाच फेऱ्यांनी बसत. गुडघे चोळत, पाणी पीत, मग उठत. लोक जमले. शेजारच्या ब्लॉकमधल्या दोन बंगाली बायका खुर्ची घेऊन आल्या. कुणीतरी ताक आणलं, ते त्यागीलाही मिळालं.

चाळिसाव्या फेऱ्याला देवयानीचा फोन वाजला. पलीकडे अनुराग होता, देवयानीचा नवरा. ऑफिसात त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती.

“आई, अनुराग म्हणतोय घरी चला, प्लीज. तो सरकारी नोकरीत आहे, प्रॉब्लेम होईल म्हणतोय.”

“त्याला सांग, मी नाही सरकारी नोकरीत.”

देवयानीने फोनवर तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मग तिने ऑफिसला अर्ध्याऐवजी पूर्ण रजेचा मेसेज केला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण सासू तिला इतकी कधी आवडली नव्हती.

सत्तराव्या फेऱ्यानंतर कुसुमावतीबाई पाय ओढायला लागल्या. एका हाताने पाराची कड धरून त्या चालत होत्या. त्यागीला ते बघवेना.

“माताजी, बस कीजिए. अब किसकी उमर माँग रही हैं आप?”

“इसकी.” त्यांनी वडावर हात ठेवला. “सात जनम नहीं चाहिए. कल सुबह साढ़े दस तक दे दो, बहुत है.”

त्यागी परत मोजायला लागला. मशीनवाला हसू दाबत दुसरीकडे बघत होता.

साडेतीन वाजले तेव्हा शहाण्णव फेरे झाले होते. उरलेले बारा झाले की तासाभरात वड आडवा झाला असता, आणि क्रेनही वेळेवर गेली असती. त्यागीने उठून पँट झटकली. मशीनवाल्याने चपला पायात घातल्या.

कुसुमावतीबाई थांबल्या. त्यांनी त्यागीकडे सरळ बघितलं, सूत दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या देखत तोडलं.

“धागा टूट गया,” त्या म्हणाल्या. “अब फिर शुरू से.”

त्यागीने क्रेनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. साइट ऑफिसचा होता. त्याने तो वाजू दिला.

कुसुमावतीबाईंनी सुताचं नवं टोक वडाला बांधलं, पदर खोचला आणि पाराला वळसा घालून परत त्याच्यासमोर आल्या.

त्यागी खाली बसला.

“एक,” तो म्हणाला.