आपापल्या घरात

"मैदान में लाउडस्पीकर नहीं लगेगा," असं म्हणत कॉलनीच्या सेक्रेटरीने भीमजयंतीचा अर्ज परत केला. "अपने-अपने घर में जो बजाना हो, बजाइए."

याच मैदानात नवरात्रात नऊ दिवस भोंगा चालला होता. सुभद्राबाई गजघाटे अर्जाची घडी घालून परतल्या आणि त्या संध्याकाळी कॉलनीतल्या, त्यांचं धरून अकरा मराठी घरांपैकी, बाकीच्या दहाही घरांत चहा पिऊन आल्या.

वेतन आयोगाचा एरियर नुकताच हाती पडला होता. रविवारी त्या नवऱ्याला, आत्मारामना घेऊन हज़रतगंज बाजारातल्या स्पीकरच्या दुकानात शिरल्या. सेल्समनने कपाटाएवढा सबवूफर दाखवला. "पिक्चर देखिए, बिल्कुल हॉल का मज़ा!"

"खिडकीत मावेल असा दाखवा," म्हणत बाईंनी खोकी वितीने मोजायला घेतली.

"अगं, हे टीव्हीजवळ कोपऱ्यात ठेवतात," आत्माराम कुजबुजले.

"ठेवू देत. आपला खिडकीतच बसेल."

शेवटी दीड वितीचं एक खोकं त्यांच्या मनात भरलं. ते वाजवायला सांगून त्या स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा खुलला होता. "एवढंसं आहे, पण तिथवर छातीत वाजतं!"

सेल्समन अदबीने म्हणाला, "बहनजी, इसकी धमक बहुत है. पड़ोसी शिकायत करेंगे."

"करने दीजिए."

"तो एक पैक करवा दूँ?"



"ग्यारह," सुभद्राबाई म्हणाल्या. "सबको अपने-अपने घर में बजाना है."